डॉल्फिनची ढुशी

माझा मोठा भाऊ पेडगावात शेती करतो. अंगानं दांडगा, तोंडानं तिखट. बाजारात दोघं एकमेकांच्या उरावर बसले की हा मध्ये शिरणार, दोघांचाही मार खाणार आणि घरी येऊन वहिनीकडून हळद लावून घेणार. वहिनी चिडायची, "दुसऱ्याच्या भांडणात तुमचं काय जायलंय?"

वहिनीनं समुद्र पाहिला नव्हता. सोयाबीन घरात आलं, मला परभणीच्या ऑफिसातून रजा मिळाली आणि आम्ही तिघं मालवणला गेलो. सकाळी डॉल्फिन दाखवणाऱ्या लहानशा बोटीत बसलो. सोबत पुण्याचं एक जोडपं आणि बोटवाले काका, एवढेच.

किनारा मागं पडला आणि समोरचं पाणी फुटलं. पाच-सहा राखाडी पाठी एकदम वर आल्या. त्यांच्या मधून एक पिल्लू हवेत उडालं आणि आडवं आपटलं. जोडप्यानं टाळ्या वाजवल्या.

"कसं खेळायलंय बघा!" वहिनी हसली.

पिल्लू पुन्हा उडालं. या वेळी एका मोठ्या डॉल्फिननं खालून त्याच्या पोटात तोंड हाणलेलं आम्हाला स्पष्ट दिसलं. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज आला. काकांनी इंजिन बंद केलं.

"खेळणत नाय ते," ते म्हणाले. "नर आसत. पिल्लाक मारतत."

"कशापायी?" दादानं विचारलं.

"पिल्लू मेला की तेची आवस परत माजावर येता."

पिल्लाची आई मध्ये घुसायला बघत होती. दोन नर तिला दोन्ही अंगांनी दाबून पाण्याखाली नेत होते. ती फुस्सकन श्वास सोडत वर यायची, पुन्हा खाली जायची. पिल्लाच्या पाठीवर दातांचे ओरखडे होते आणि त्याच्याभोवतीचं पाणी तांबडं झालं होतं. पुण्याची बाई तोंड झाकून रडायला लागली. नवरा मात्र मोबाईल धरूनच होता.

"बोट मधी घाला," दादा म्हणाला.

"इंजिनाचो पंखो लागात तेंका. आणि बोट उलटली तर?"

"घाल म्हणतो ना!" दादानं त्यांचा शर्ट गळ्याशी धरला. मी त्याचा दंड ओढला. त्यानं काकांना सोडलं, आणि मला वाटलं, चला, शांत झाला. तेवढ्यात त्यानं समुद्रात उडी टाकली. गावच्या विहिरीत पोहलेला गडी. अंगात बोटीवरचं नारिंगी जाकीट.

"हाड! हाड!" पिकात शिरलेली गुरं हाकलावीत तसा तो पाणी बडवत ओरडत होता. एक नर वळला. मला पाण्यात फक्त एक रेघ सरळ येताना दिसली. दादा कमरेपर्यंत पाण्याबाहेर फेकला गेला. तोंड उघडं, आवाज नाही. सावरतोय तोच दुसरी धडक बरगडीत बसली. मग एक शेपूट त्याच्या कपाळावर आदळलं. वहिनी किंचाळत बाहेर वाकली. मी तिची कंबर घट्ट धरली.

काकांनी बोट हळूच त्याच्याजवळ नेली आणि जाकिटाला धरून त्याला ओढला. पुणेकरानं मोबाईल टाकून त्याचे पाय उचलले. दादा बोटीच्या तळाशी पडून रक्त थुंकत होता. वहिनी त्याला दोन्ही मुठींनी बडवायला लागली.

"समुद्र बघायचा म्हणलं व्हतं मी! तुमचं मढं न्हाई!"

"त्या अंगाला नको गं," तो कण्हला. "मोडलंय."

मी वर पाहिलं. या गोंधळात आई पिल्लाला डोक्यानं ढकलत बरीच लांब गेली होती. पिल्लू हलताना दिसत नव्हतं. थोड्या वेळानं नरही त्याच दिशेनं वळले.

"जगंल का वो ते?" मी विचारलं.

काकांनी इंजिन सुरू केलं. "सांगूक येवचा नाय."

दादाच्या तीन फासळ्या मोडल्या होत्या. दवाखान्यात काका त्याला भेटायला आले, तेव्हा त्यानं शर्ट धरल्याबद्दल हात जोडले. काका म्हणाले, "माका राग नाय. पण परत माझ्या बोटीत बसा नको."

पेडगावात बघायला माणसं आली. डॉल्फिन कसा होता, केवढा होता, सगळ्यांचे तेच प्रश्न. "दिसलाच न्हाई," दादा बाजेवरून एकेक शब्द तोडत सांगायचा. "रेड्यानं ढुशी द्यावी, तसं झालं."

"आन पिल्लू?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

दादानं मोडक्या फासळ्यांवर हात ठेवला.

"वाचलं," वहिनी आतून म्हणाली, आणि चहा घेऊन बाहेर आली.