निशाणापुढं थांबवलेली घोडी

‘‘उतर खाली. बाळाला बसू दे.’’

उसाच्या फडाआड थोरले सरकार मला म्हणाले. जत्रेतली घोड्यांची शर्यत मी नुकतीच मारली होती. घोडी सरकारांची, चंद्रा. वर मी. चौदा वर्षांची, अंगात पोराचा सदरा, डोक्याला मुंडासं, तोंडाला फडकं. माझा बाप, आबा, सरकारांकडं मोतद्दार. घोड्यांचं दाणापाणी, खरारा, लीद, सगळं त्याच्याकडं. सरकारांच्या लेकाला, धाकट्या सरकारांना, घोडीवर बसायची हौस दांडगी, पळवायची मात्र भीती. म्हणून पळवायची मी, मिरवायचे ते.

उतरले. उतरले कसली, टुणकन उडी मारली! वर त्यांना चढायला दोन्ही हातांची पायरी करून दिली. मिरवणुकीत लगाम धरून पुढं मीच. ‘‘धाकट्या सरकारांचा विजय असो!’’ सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? माझा. काय ते ध्यान! आज भेटली ना ती पोरगी, तर कान पिळून विचारीन, बये, शर्यत कुणी मारली गं?

गावाला सगळं ठाऊक होतं. गाव गप्प होतं.

रीत अशी, की जिंकलेली घोडी मालकाच्या दारात न्यायची. मालकिणीनं तिच्या पायांवर पाणी घालायचं, ओवाळायचं, कपाळाला गुलाल लावायचा. आम्ही गावकुसाबाहेरचे. तरी त्या दिवशी मला वाटलं, आज आपल्यालाबी लागणार. मालकीण, वहिनीसाहेब, ताट घेऊन आल्या आणि मी कपाळ पुढं केलं. डोळे मिटून. जशी काय नवरीच!

हात माझ्या कपाळावरून पलीकडं, घोडीकडं गेला.

‘‘अगं ए, सरक मागं. ताटावर सावली पडाय लागलीया तुझी.’’

घोडी उंबऱ्याच्या आत गेली. मी बाहेर. लोक हसले. आबानं माझा दंड धरून मला मागं ओढलं आणि सरकारांपुढं हात जोडले. माफी मागितली. कपाळ पुढं केल्याची माफी.

गुलाल नाही मिळाला, त्याचं काही नाही. आबाचे ते जोडलेले हात मात्र वर्षभर डोळ्यांपुढनं हलले नाहीत.

पुढच्या जत्रेला परत सदरा आला. मी बसले. चंद्रा अशी सुटली, की बाकीची घोडी धुळीत दिसेनात. समोर निशाण. माळावर माणूसच माणूस. आणि निशाणाच्या अलीकडं मी लगाम खेचला.

चंद्रा दोन पायांवर उभी राहिली. थरथरत होती. मी उतरले, तोंडावरचं फडकं काढलं आणि सरकारांना सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘इथनं फुडं धाकट्या सरकारास्नी बसवा. गुलाल त्यांचा हाय, तर पळणंबी त्यांचंच हू दे.’’

दुसरी घोडी आमच्या अंगावर धूळ उडवत निशाण घेऊन गेली. चंद्रा माझ्या हाताला हिसके देत होती. तिला पुढं जायचं होतं.

आबाचं काम त्याच दिवशी गेलं. आठवड्यात चंद्रा विकली. कुणाला, ते कुणी सांगितलं नाही. आबा वीटभट्टीवर लागला. पहाटे सवयीनं उठायचा, खरारा करायला निघायचा आणि दारातच थांबायचा. मला त्यानं मारलं नाही. शिवी दिली नाही. एकदाच बोलला.

‘‘घोडीला तरी पळू द्यायचं हुतंस.’’

 

मी परत घोड्यावर बसले नाही. पण शर्यत सोडली नाही. लग्न होऊन शिवाजी पेठेत आले, तरी जिथं घोडी पळणार तिथं मी हजर. नातसून म्हणते, ‘‘देवळात जायचं म्हटलं की गुडघं दुखत्यात, आणि शर्यतीला बरं उड्या मारत जाता?’’ मी म्हणते, ‘‘देव कुठं पळतोय गं?’’ पण खरं सांगते, प्रत्येक शर्यतीत एखादी घोडी चंद्रासारखी मान टाकून सुटते, आणि मग मला पुढचं काही दिसत नाही.

परवा गावाकडनं जत्रा कमिटीची माणसं घरी आली.

‘‘आज्जी, यंदा धाकट्या सरकारांचा सत्कार हाय. जुनं नामांकित घोडेस्वार म्हणून. त्यांच्या मोतद्दाराची लेक म्हणून तुमी ओवाळायचं त्यास्नी.’’

‘‘येते की,’’ मी म्हणाले. चहा पाजला. खूश होऊन गेली बिचारी.

जाणार आहे. ताट नेणार नाही. माईक मागीन. नाही दिला, तर या गळ्यानं बोलीन. चंद्रा मी पळवली. निशाणापुढं मीच थांबवली. त्यापायी माझ्या बापानं विटा वाहिल्या, आणि त्याचं नाव त्या माळावर आजवर कुणी घेतलं नाही. ते पहिलं घेईन. धाकटे सरकार समोर खुर्चीत असतील. असू देत. दोन्ही शर्यती माझ्या आहेत, मारलेली आणि टाकलेलीसुद्धा. त्यातली एकही मी त्यांना देणार नाही.