चूक माझी, दुरुस्ती माझी नाही

सुरुवातीलाच एक विनंती. हे वाचून झाल्यावर मला कुणी ताईत, अंगारा किंवा 'एक चांगले डॉक्टर आहेत, भेटून बघा' असे मेसेज पाठवू नका. सगळं येऊन गेलंय. डॉक्टरसुद्धा.

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे आणि खरं सांगते, बहुतेक वेळा हसते. वाचता वाचता मनात प्रश्न विचारत जाते — उजेड होता का? नक्की किती वाजले होते? दुसऱ्या कुणी पाहिलं? निम्मे अनुभव या तीन प्रश्नांतच आडवे होतात. भूतबाधा, करणी, नजर... मी कधीच मानलं नाही आणि आजही मानत नाही.

तर माझ्या बाबतीत उजेड होता. सकाळचे अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. आणि दुसऱ्या कुणी पाहिलं म्हणाल, तर आमच्या ऑफिसच्या सर्व्हरने पाहिलं. त्याची नोंद अजूनही तिथे आहे.

मी नेरूळजवळच्या शिरवण्याची. गावातलीच, आगरी. घरी मी आणि आई. नवरा जहाजावर असतो, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. महाप्याला एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रामर आहे. आमचं सॉफ्टवेअर पानं जुळवतं... म्हणजे मजकूर, आकृत्या, चौकटी कागदावर कुठे, किती आकारात बसवायच्या ते ठरवून छपाईची फाइल तयार करतं. त्या वेळी एका मोठ्या क्लासेसच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या उत्तरपत्रिका आमच्याकडे होत्या. गोल काळे करायचे असतात ना पेनाने, त्या. मशीन त्या वाचतं आणि मार्क देतं.

थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण सोपं आहे. उत्तरपत्रिकेवरचा प्रत्येक गोल कुठे हवा ते आम्हाला मिलिमीटरमध्ये कळायचं. छपाईच्या दुनियेत मात्र मोजमाप 'पॉइंट'मध्ये चालतं. म्हणून मिलिमीटरचे पॉइंट करणारी एक छोटीशी फाइल होती, जेमतेम चाळीस ओळींची. ती मी लिहिली होती.

गोम अशी की पॉइंट दोन प्रकारचे असतात. जुन्या छापखान्यांतून आलेला एक — तो इंचात बहात्तर आणि वर थोडेसे बसतो. दुसरा कॉम्प्युटरच्या काळातला, इंचात बरोबर बहात्तर. फरक इतका बारीक की एका ओळीत दिसणारही नाही. मी हिशेब केला होता नव्या पॉइंटने आणि पुढे खूण लावली होती जुन्या पॉइंटची, 'pt'. नव्याची खूण 'bp' असते. त्यामुळे पानावरचे गोल वरून खाली येता येता किंचित वर सरकत जात होते. पानाच्या तळाशी जवळपास एक मिलिमीटर. कोपऱ्यातले काळे चौकोन, ज्यांच्या आधारे मशीन पान वाचतं, ते वेगळ्या फाइलमधून यायचे. ते आपल्या जागी बरोबर.

एक मिलिमीटर म्हणजे काय? चार मिलिमीटरच्या गोलात एक मिलिमीटर म्हणजे पुष्कळ. एखाद्या पोराने फिकट रंगवलं असेल, तर शेवटच्या पंधरा-वीस प्रश्नांत मशीन म्हणणार — कोरं. उत्तर बरोबर आणि मार्क शून्य.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं तिथेच अडलेलं आहे. आमचे मॅनेजर सामंत सर म्हणाले होते, "वैशाली, एकदा प्रिंट काढून पट्टीने मोजून घे." मी प्रिंट काढली नाही. आधीच्या चाचणीत अर्ध्याच पानाची उत्तरपत्रिका होती, ती नीट वाचली गेली होती. मी 'तपासलं' असं लिहून टाकलं आणि रजेवर गेले.

रजा ऑपरेशनची होती. पित्ताशयात खडे झाले होते. नेरूळच्या एका हॉस्पिटलमध्ये मंगळवारी सकाळी सव्वादहाला मला आत घेतलं. दारातच चपला काढायला सांगितल्या. आईने त्या उचलून हातात घेतल्या, एवढं आठवतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काम करता?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर..." आणि पुढचा शब्द काही आला नाही. बाहेर आणलं तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. या वेळा हॉस्पिटलच्या कागदावर आहेत, माझ्या मनाच्या नाहीत.

त्याच मंगळवारी दुपारी बारा वाजता उत्तरपत्रिकांच्या अंतिम फायली आमच्या सर्व्हरवर तयार होऊन तुर्भ्याच्या छापखान्यात आपोआप जाणार होत्या. तशा त्या गेल्या.

बुधवारी सामंत सरांचा फोन.

"कशी आहेस? अगं, ऑपरेशनच्या दिवशी काम करतं का कुणी? आणि मला न विचारता?"

मला वाटलं चेष्टा करतायत. हसायला गेले तर टाके दुखले. "कसलं काम, सर?"

"कन्व्हर्जनच्या फाइलमध्ये तू बदल केलायस ना. काल सकाळी. अकरा-बाराला."

"सर, अकरा-बाराला मी टेबलावर होते. पोट उघडं टाकून."

मग त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला.

माझं नाव. माझा लॉगिन. अकरा बारा. एका ठिकाणी 'pt' खोडून 'bp' केलेलं, बस, दोन अक्षरं. आणि वर एक ओळ, कोडमध्ये आपण माणसांसाठी सूचना लिहितो तशी:

'पॉइंट दोन हायत. आपला कंचा तो बग.'

मी फोन पालथा ठेवला. ऑफिसात मी सूचना इंग्रजीत लिहिते, सगळेच लिहितात. आगरी मी घरी आईशी बोलते आणि तीही दार लावून, असं म्हटलं तरी चालेल. 'पानी', 'लोनी' म्हटलं की शाळेत बाई वर्गासमोर उभं करायच्या, तेव्हापासून ही भाषा मी उंबऱ्याबाहेर नेली नाही. ऑफिसात दुसरं कुणी आगरी नाही. मला ती येते हेही कुणाला माहीत नव्हतं.

आई माझ्या खाटेशेजारी मोसंबं सोलत होती. मी विचारलं, "आई, माझा लॅपटॉप कुठाय?"

"घरच्या कपाटान. कपाटाची चावी यी बग, माज्या कमरंला." तिने चावी दाखवली. "का गं?"

"काही नाही."

डॉक्टरांनी पंधरा दिवस आराम सांगितला होता. मी सातव्या दिवशी रिक्षाने ऑफिसला गेले, लॅपटॉप घेऊन. आईने खूप आरडाओरडा केला, पण मला चैन नव्हतं.

आमच्याकडे सर्व्हर सांभाळतात ते शिंदे, मूळचे साताऱ्याकडचे. बोलायला साधा, कामात पक्का माणूस. त्यांनी माझ्यासमोर लॅपटॉप चालू केला, बराच वेळ काय काय उघडून पाहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "मॅडम, तुमी कुनाला पासवर्ड दिला व्हता का?"

"नाही."

"दिला असता तरी उपेग न्हवता म्हना. पासवर्डाबरुबर ही जी डिजिटल चावी लागती ना सर्व्हरला, ती फकस्त ह्याच मशिनीत हाय. बदल ह्याच मशिनीवरनं आलाय. सर्व्हर तसं म्हंतोय."

"मग?"

"पर मशीन म्हंतंय, मी सोमवारी संध्याकाळी बंद झाले ती आत्ता उघडली." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "आनि ही बगा तुमची फाइल. हितं अजून 'pt'च हाय. ज्या मशिनीनं बदल धाडला, त्या मशिनीत बदलच न्हाई."

इथे बरेच जण म्हणतील, आधी लिहून ठेवलं असेल आणि वेळ लावून पाठवलं असेल. बंद लॅपटॉप काही पाठवत नाही. फोनवरून केलं असेल? फोनमध्ये ती चावीच नाही. शिवाय फोन आईच्या पिशवीत होता. कुणी सर्व्हरमध्ये घुसलं असेल? शिंद्यांनी आठवडाभर शोधलं, बाहेरच्या माणसाला बोलावून दाखवलं. घुसल्याची खूण नाही. आणि घुसणारा माणूस चूक दुरुस्त करून, आगरीत एक ओळ लिहून निघून जातो? कशासाठी?

मी मात्र त्या दिवशी आधी दुसरंच काम केलं. जुन्या फाइलची प्रिंट काढली, नव्या फाइलची काढली आणि स्टीलची पट्टी घेऊन बसले. जुन्यात शेवटची ओळ एक मिलिमीटरने वर. नव्यात अगदी जागेवर. तीन वेळा मोजलं. जे काम मी पाच मिनिटांत करायला हवं होतं आणि केलं नव्हतं, ते.

ती मुलं डोळ्यांसमोर आली. रात्रंदिवस घोकंपट्टी केलेली, शेवटच्या वीस प्रश्नांत शून्य मिळालं असतं अशी. का, तर मला रजेवर जायची घाई होती.

सामंत सरांनी केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. घाबरलेला होता.

"हे बघ, क्लासेसवाल्यांना प्रत्येक बदलाचं लेखी कारण द्यावं लागतं. परीक्षेचं काम आहे. मी दोन मसुदे केलेत, तुला पटेल त्यावर सही कर." त्यांनी दोन कागद पुढे सरकवले. "पहिल्यात तू सोमवारी रात्री चूक पकडलीस आणि दुरुस्ती केलीस, सर्व्हरवर वेळ चुकीची पडली. यात तुझं कौतुकच आहे. वर्षअखेरीला उपयोगी पडेल."

"मी पकडली नाही, सर."

"मग दुसरा. तू आजारपणात पासवर्ड कुणाला तरी दिलास. समज मिळेल, विषय संपेल."

"दिला नाही."

"वैशाली, काहीतरी झालंय ना! आपोआप तर नाही झालं!"

"झालंय. पण यातलं झालेलं नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला. "तू काय लिहिणार मग? भुताने केलं?"

"भूतसुद्धा मी पाहिलं नाही. न पाहिलेलं का लिहू?"

मी त्यांच्याच पेनाने कोरा कागद घेतला आणि लिहिलं: चूक माझी आहे. मी प्रिंट न मोजता 'तपासलं' असं लिहिलं. दुरुस्ती योग्य आहे, आज मोजून खात्री केली. दुरुस्ती मी केलेली नाही. कोणी केली ते मला माहीत नाही. खाली सही.

सर वाचून म्हणाले, "हे असं देता येत नाही."

"मग मला काढा. पण त्या दोन्हींवर मी सही करणार नाही."

आवाज माझाच होता, पण टाके ओढले जात होते, हे कबूल करते. बहाद्दुरी वगैरे काही नव्हती. एवढंच वाटत होतं, की आयुष्यभर शाळेत, ऑफिसात, सासरी लोकांना हवं ते बोलत आले. आता न केलेल्या गोष्टीचं श्रेयही घ्यायचं आणि न केलेला गुन्हाही कबूल करायचा, तर मी उरते कुठे?

काढलं नाही. त्या कामावरून मात्र बाजूला केलं आणि ते दुसऱ्याकडे दिलं. चूक माझी होती, तेवढं मिळायलाच हवं होतं. परीक्षा झाली, उत्तरपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचल्या गेल्या. क्लासेसना काय कारण कळवलं ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी आत्या येऊन बसली होती. तिला आईकडून कळलं होतं. ती ठाम — गावदेवीने केलं, ओटी भरायला हवी. मी म्हटलं, "आत्या, गावदेवी 'bp' कुठे शिकली?" आत्या रागावून चहा न पिता गेली. नंतर मला वाईट वाटलं. पण ओटी मी भरली नाही.

संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसले.

"आई, मी आत होते तेव्हा तू काय करत होतीस?"

"काय करनार? बसलेली. तुज्या चपला मांडीवर घेऊन."

"काही वाटलं का तुला? मधेच? अकराच्या सुमाराला?"

तिने नीट विचार केला. उगाच काहीतरी सांगितलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. "भ्या वाटत व्हतं. बाकी काय नाय."

मी तिला ती ओळ वाचून दाखवली. ती हसली. "आपलीच भाषा हाय की. कोनी लिवला?"

"माहीत नाही."

"सायबाला काय सांगितलास?"

"तेच. माहीत नाही म्हणून."

आईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"बराबर केलास. नाय म्हायती तं नाय म्हायती. त्याची लाज कसली, बाय?"

याला दोन वर्षं होऊन गेली. आमच्या क्षेत्रातल्या ज्या ज्या हुशार माणसाला विचारलं, त्याने पहिल्या दहा मिनिटांत एक सोपं उत्तर दिलं आणि विसाव्या मिनिटाला ते मागे घेतलं. मला उत्तर मिळालेलं नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा. बंद लॅपटॉप, कमरेची चावी आणि आगरीतली ती ओळ, या तिन्हींना पुरून उरणारं असेल तरच. नसेल तर माझ्यासारखं 'माहीत नाही' म्हणा. जीभ झडत नाही.