निम्म्या भावाचं माकड

भाव उतरेपर्यंत थांबावं, या एकाच तत्त्वावर सगळा जन्म काढणारा माझ्या पाहण्यातला एकमेव माणूस म्हणजे आमचे तामलवाडीचे साडू. सोसायटीत कारकून. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे सोलापूरच्या खरेदीला मला ओढून न्यायचा हक्क त्यांना लग्नातच मिळालेला. चार दुकानं पालथी घालायची, सगळा माल खाली काढायला लावायचा, भाव विचारायचा आणि "अजून उतरंल" म्हणून चालू लागायचं. माझ्या चपला झिजल्या, त्यांची पिशवी रिकामीच. रेडिओसाठी ते इतके थांबले की गावात टीव्ही आला, तर म्हणाले, "आता रेडिओला कोण विचारतंय? बगाच तुमी, अजून उतरंल." दुष्काळात जनावरांचे भाव पडले तेव्हा मात्र त्यांनी झडप घालून बैलजोडी घेतली. कडबा किती महागलाय हे ध्यानात आलं ते घरी आल्यावर. मग जोडी दावणीला आणि साडू कडब्याचा भाव उतरायची वाट बघत उभे.

अशा माणसाकडं आमच्या सासूबाईंनी व्हिडिओ गेम मागितला. त्यांना आम्ही मामी म्हणायचो; त्या येरमाळ्याला मेव्हण्याकडं असत. मांडीचं हाड मोडून खाटेला खिळलेल्या, आणि छातीचंही डॉक्टरांनी काही बरं सांगितलं नव्हतं. येडेश्वरीच्या यात्रेला आलेल्या मुंबईच्या पाहुण्यांकडं तळहाताएवढा खेळ होता. बटण दाबलं की त्यातलं माकड वरून पडणारे आंबे झेलायचं. मामींनी तो दुपारभर हातातून सोडला नाही. पाहुणे खेळ घेऊन गेले, आणि कधी कुणाकडं काही न मागितलेल्या मामी साडूंना म्हणाल्या, "जावईबापू, तसलं माकड कुठं मिळतंय का बगा की. दिस सरंना झालाय."

आम्ही सोलापुरात चौकशी केली. किंमत ऐकून मला घाम फुटला. साडू शांतपणे म्हणाले, "नवी चीज हाय. दिवाळीपस्तोर निम्म्यावर येतीय." मी अक्षरशः हात जोडले. "साडूभाऊ, मामी दिवाळी बघतील का? निम्मे पैसे मी घालतो, पण घेऊन टाका." त्यावर "मामींनी मागितलंय ते मला," एवढंच म्हणून ते स्टँडकडं निघाले. मी थकून मागोमाग गेलो.

पुढच्या आठवड्यात येरमाळ्याला गेलो, तर साडू खाटेशी बसलेले आणि मामी बटणं दाबतायत. पूर्ण भावानं, घासाघीस न करता आणलेला! मामींनी किंमत विचारली. साडूंना खोटं बोलणं जमत नाही, सांगून बसले. मामींचे आंबे धडाधड खाली पडले. "अवो, एवढी घाई कशापायी? जरा दम धरला असता तर उतरला असता की भाव!" साडूंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि मामी पुन्हा आंबे झेलायला लागल्या.

मामी श्रावणात गेल्या. दिवाळीच्या कपड्यांसाठी आम्ही दोघं सोलापूरला गेलो, तेव्हा त्याच दुकानाच्या काचेत तोच खेळ निम्म्या किमतीत लावलेला होता. साडूंचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. आता मला तासभर ऐकावं लागणार, म्हणून मी पायरीवर बसायची तयारी केली.

"चला साडू, हितनं," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडून गेलेसुद्धा. साडूंनी एखाद्या दुकानासमोरून चटकन निघावं म्हणून मी वर्षानुवर्षं देवाला विनवलं होतं. त्या दिवशी ते निघाले, आणि मला ते बघवलं नाही.