तपासणीला आलेली बहीण

गावात उतरल्यावर ताराक्का कुणाची शाल-नारळ घेत नसत. नमस्कारही नंतर. जीपचं दार नीट लागायच्या आत विचारायच्या, "पावणं, बाईमाणसांची मुतारी कुठं हाय?" सरपंच चपापायचे आणि मी बाजूला तोंड करून हसू दाबायची.

आम्ही दोघी कोल्हापुरात एकाच गल्लीत राहायचो, एकाच कामावर होतो. जगातल्या देशांनी मिळून ठरवलेली शाश्वत विकासाची सतरा ध्येयं पंचायतींना समजावून सांगायची, मग कोणत्या गावानं काय केलं ते तपासायचं. मुदत २०३० सालची. ती जणू एकट्या अक्कांनाच दिलेली, अशी त्यांची घाई. पोह्यांच्या ताटल्या आल्या, की "तीस साल दारात आलंय, आन तुमी चा-पव्हं करत बसलाय व्हय?" म्हणून उठायच्या. मला भूक लागलेली असायची. फार राग यायचा. सतरा ध्येयांचा तक्ता टांगलेला दिसला, की म्हणायच्या, "भिंतीनं तिचं काम केलं. आता मानसांनी करा की."

नेसरीजवळचं एक गाव 'महिलास्नेही गाव' म्हणून पुरस्काराला उभं होतं. ते अक्कांचं माहेर. सरपंच त्यांचा एकुलता धाकटा भाऊ, आप्पा. "दुसऱ्या कुणाला तरी धाडा," असं त्यांनी साहेबांना सांगून पाहिलं, पण माणूस नव्हता. आदल्या दिवशी त्या धड जेवल्या नाहीत.

बाजारकट्ट्यामागं नवी कोरी मुतारी होती. गुलाबी रंग, बाहेर फुलझाडांच्या कुंड्या आणि दाराला कुलूप.

"ह्ये काय रं?"

"अक्का, तुमी येईस्तवर घाण व्हईल म्हून लावलंय," आप्पा कौतुकानं म्हणाला. "एकीलाबी आत सोडलं न्हाय बघ!"

मला हसू फुटलं. अक्कांना नाही. कट्ट्यावर बायका मिरच्या-भाजी घेऊन उन्हात बसल्या होत्या. "आई हितंच बसायची, आप्पा. जायला जागा न्हाय म्हून दिसभर पानी प्यायची न्हाय. इसरलास?"

"आजच्या दिस सांभाळून घे की. उद्या उघडतो. गावाचं नाव हाय."

अक्कांनी कट्ट्याला दोन चकरा मारल्या आणि मुतारीचा गुण दिला नाही. पुरस्कार हुकला. आप्पानं फोनवर एवढंच सांगितलं, "माझ्या दारात येऊ नगंस, आन मी तुझ्या येत न्हाय."

त्या भाऊबीजेला अक्कांनी मला बोलावून घेतलं. ओवाळणीचं ताट मांडलेलं, आणि त्या चुलीपासून दारापर्यंत, दारापासून गच्चीपर्यंत. त्यांच्याकडं बघून मलाच धाप लागत होती. म्हटलं, फोन करा. "मी कशाला करू? माझं काय चुकलं?"

दुपारी दारात बाजारातल्या दोन बायका उभ्या. पिशवीत खण-नारळ. "म्हटलं, माहेरचं कुणीतरी जाया पायजे."

"उघडलं का?" अक्कांनी उंबऱ्यातच अडवून विचारलं.

"कवाच! तुझ्या भावानंच काढलं की कुलूप. पान्याची टाकीबी बसवली."

अक्कांचा चेहरा असा फुलला, की काय सांगू! तशाच अनवाणी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बघून आल्या. "मग आप्पा कुठाय? मागनं येतोय व्हय?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. "न्हाय गं, अक्का. इचारलं आमी. येत न्हाय म्हनला."

अक्कांनी खण कपाळाला लावला, दोघींना जेवायला बसवलं. पोळी वाढता वाढता माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "संध्याकाळची एक एस्टी हाय अजून."

आप्पा त्या एस्टीनं आला नाही. अक्का निवृत्त झाल्या, तरी अजून आलेला नाही.