अँटेनावर शेवया वाळत होत्या

न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात मी कधी काही लिहीन, असं मलाच वाटलं नव्हतं. मी सेनगावला शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी हडळीची गोष्ट काढली की मी त्याला उभं करून विचारते, "हडळीचं वजन किती, सांग बरं..." पोरं हसतात आणि हडळ पळून जाते. मी आजही तशीच आहे. तरी जे झालं ते सांगते. वाचकांत कुणी माझ्यापेक्षा हुशार असेल तर उलगडा करावा, मी मनापासून आभार मानेन.

आधी आमचं यंत्र समजून घ्या. सूर्यावर मोठा भडका उडाला की त्याचे क्ष-किरण काही मिनिटांत पृथ्वीपाशी येतात आणि वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात गडबड उडवतात. दूर दक्षिणेत नौदलाचं एक रेडिओ केंद्र आहे, ते पाणबुड्यांसाठी संदेश पाठवत असतं. तो संदेश आपल्याला कळत नाही, पण त्याचा जोर मोजता येतो. भडका उडाला की तो जोर झटकन चढतो आणि सावकाश उतरतो. आलेखावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा दिसतो. म्हणजे सूर्याकडे न बघता, घरात बसून, सूर्याची खबर!

हे मी एका प्रशिक्षणात ऐकलं आणि घरी येऊन मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना सांगितलं. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मोबाइल आल्यावर बंद पडलं होतं आणि बसून बसून माणूस कंटाळला होता. त्यांनी लाकडाच्या फुलीवर तांब्याची तार गोल गोल गुंडाळली आणि खिडकीएवढी जाळी तयार केली. ही आमची अँटेना. ती गच्चीवर उभी केली, खालच्या खोलीत रिसीव्हरचा एक डबा आणि जुना कॉम्प्युटर जोडला. देशभरातल्या हौशी निरीक्षकांचा एक गट आहे. त्यांच्या वेबसाइटवर सेनगावपुढे मामंजींचं नाव लागलं, त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्या म्हणाल्या, "सूर्य काय पेढे खायला येऊन राहिला का?"

गेल्या वर्षी मामंजी गेले. यंत्र मी चालू ठेवलं, पण शेजारी नवीन इन्व्हर्टर आला आणि आलेखात नुसती खरखर उमटायला लागली. गटाचे संयोजक भले गृहस्थ, पण नियम तो नियम. एप्रिल संपायच्या आत उपग्रहाच्या नोंदीशी जुळणारी एक तरी स्वच्छ नोंद द्या, नाहीतर केंद्र यादीतून काढावं लागेल, असं त्यांनी कळवलं. केंद्र गेलं असतं तरी चाललं असतं हो... पण मामंजींचं नाव पुसलं जाणार, हे मला सहन होत नव्हतं. रेशन कार्डावरून ते कमी करताना मी मुकाट्याने बघत उभी होते. हे नाव मला ठेवायचं होतं.

एप्रिलचा शेवट जवळ आला होता. त्या दिवशी सकाळची शाळा आणि नंतर मीटिंग होती. डब्याला कुणी हात लावू नये म्हणून मी रोजच्यासारखी खालची खोली बंद केली आणि तिची एकुलती एक किल्ली पर्समध्ये टाकली. मीटिंगमध्येच मोबाइलवर पाहिलं — सकाळी सूर्यावर जोरदार भडका उडून गेला होता! भर उन्हात जवळजवळ पळतच घरी आले. गच्चीवर गल्लीतल्या बायांचा हसण्या-खिदळण्याचा आवाज. वर जाऊन पाहते तर सगळ्या खाटा शेवयांनी भरलेल्या आणि अँटेना आडवी... दोन पत्र्याच्या डब्यांवर ठेवलेली, तिच्यावर मामंजींचं स्वच्छ धुतलेलं धोतर पसरलेलं, आणि धोतरावर शेवया.

"आत्याबाई, हे काय केलंत!"

"काहून? बाजा भरल्या, आन् हे रिकामंच हुभं व्हतं. चांगली जाळी हाय की, खालून बी हवा लागते." माझा चेहरा बघून त्या घाईने म्हणाल्या, "तार तोडली न्हाई माय. पेच ढिले करून बराबर सोडली. टोकाला पिशवी बी बांधली."

खरंच, खाली जाणाऱ्या केबलच्या टोकाला दुधाची पिशवी गुंडाळून रबर लावलेलं होतं. पेच वाटीत ठेवलेले.

"कधी सोडलंत?"

"तू शाळेत गेली का लगीच."

मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू कोसळलं. यादीची गोष्ट मी घरात कुणाला सांगितलीच नव्हती, ती तेव्हा सांगितली. आत्याबाईंच्या हातातली शेवई हातातच राहिली.

खाली येऊन कुलूप उघडलं. नुसती खरखर दिसणार हे माहीतच होतं... पण स्क्रीनवर वशिंड होतं! खरखर नावाला नाही. उपग्रहाच्या नोंदीशी ताडून पाहिलं. चढ जुळला, माथा जुळला, उतारही जुळला. आणि बरोबर बाराला रेघेत एक बारीक खाच होती. ती पाहून मात्र माझ्या अंगावर काटा आला. मामंजी रोज बारा वाजता डब्याचं बटण क्षणभर बंद करून चालू करायचे, कॉम्प्युटरचं घड्याळ चुकत नाही ना हे पुढे तपासता यावं म्हणून. ते गेल्यापासून ही खाच पडली नव्हती. वीज गेली म्हणावं, तर कॉम्प्युटरही बंद पडला असता.

नंतर मी दोन-तीनदा मुद्दाम केबल सोडून पाहिली. नुसती खरखर.

संयोजकांना सगळं खरं कळवलं. ते म्हणाले, "मॅडम, सुटलेल्या अँटेनाची नोंद मला घेता येणार नाही. पण पुसू नका हं!" मग शेवयांच्या बाजांना जागा हवी म्हणून अँटेना जरा वळवून उभी केली, तर इन्व्हर्टरची खरखरच गेली. अशा अँटेनाची दिशा बदलली की असं होतं, यात काही चमत्कार नाही. महिना संपता संपता आणखी एक भडका उडाला, नोंद स्वच्छ आली, आणि मामंजींचं नाव यादीत राहिलं. त्या संध्याकाळी मी पेढे आणले.

बाराच्या खाचेचं आत्याबाईंना सांगू की नको, असं झालं होतं. घाबरतील वाटलं. शेवटी सांगितलं.

"म्हंजे आले व्हते?"

"तसं नाही आत्याबाई, काहीतरी कारण असेल..."

"आले व्हते न्! आन् मी कुठं व्हते? वर! समदा दिवस वर व्हते. आले ते डब्यापाशी गेले, माझ्यापाशी न्हाई!" त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मग काय झालं कोण जाणे, खुदकन हसल्या.

मी अजून हिशेब मांडतेच आहे. केबल सुटलेली होती, खोली बंद होती, किल्ली माझ्यापाशी होती. आता सुट्या लागल्यात, मी घरीच असते, त्यामुळे खोली उघडी असते. बाराच्या सुमाराला आत्याबाई जिना उतरून त्या खोलीत जातात आणि कडाकडा भांडतात. "बटन दाबाचं बराबर सुचतं, मला हाक माराची न्हाई सुचत?" बाहेर येतात तेव्हा इतक्या खूश असतात, की गेल्या वर्षभरात मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.