गुणाबाईच्या डोहातली लाल पिल्लं

मागच्या साली गुणाबाईने मोहाच्या झाडाखाली काडी ओढली, ती फक्त फुलं वेचायला. पाचोळा जळाला की पिवळी फुलं चटकन दिसतात. आमच्या कुरखेड्याकडे बरेच जण असं करतात. पण वारा फिरला आणि आग उतारावरून थेट नाल्याला भिडली. काठावरचे करंज, जांभळं, सगळं काळंठिक्कर!

त्या नाल्यातल्या डोहावर गुणाबाईचं पोट. नवरा गेल्यापासून ती तिथे मासे धरते. उन्हाळ्यात नाला आटतो, मासा त्या एका डोहात तगतो. तेव्हा ती जाळं टाकत नाही, कुणाला टाकू देत नाही. "बियानं हाय ते," म्हणते.

सावली गेली, पाणी तापलं. तिने डोहावर बांबूचे तट्टे बांधले. मे महिन्यात मरळ माशाची पिल्लं दिसली, लालभडक थवा, खाली आईबाप पहाऱ्याला. आणि त्याच दुपारी आभाळ भरून आलं!

"बाई, उतारावरची राख डोहात आली तं सारे मरतेत!" मला हाक देत ती फावडा घेऊन धावली. सुट्टीवर आलेली माझी लेक संघप्रियाही तिच्यामागे. मी छत्री घेऊन ओरडत निघाले, "अगं, विजा बघ!"

"काऊन भेता बाई? पोट्टी मिठाची हाय का, इरघळाले?"

जळलेल्या उतारावरची ओघळ डोहात उतरते. बाजूलाच गुणाबाईची बांधी, धानाच्या शेताचा तुकडा, कोरडी पडलेली. पाणी तिकडे वळावं म्हणून तिने बांधीचा धुरा, म्हणजे बांध, फोडला, दोघींनी ओघळीत आडवी माती घातली.

"मीच लावली, मीच निस्तरीन!"

पाऊस कोसळला. कोळसे, राख, काळं पाणी धडधडत आलं आणि मातीला भगदाड पडलं. संघप्रिया सरळ भगदाडात पाठ लावून बसली! मी छत्री फेकली आणि तिला चिकटून बसले. गुणाबाई आमच्या अंगावरच चिखल लिंपत सुटली. एकदाचं पाणी वळलं, बांधीत शिरलं!

सकाळी डोह थोडा गढूळ होता. आम्ही काठावर वाकून पाहत बसलो. मग तट्ट्याखालून लाल थवा वर आला! गुणाबाईने अशी टाळी वाजवली की पिल्लं घाबरून बुडाली, आणि पुन्हा वर आली.

यंदा मोहाखाली काडी नाही. तिने जुनं जाळं दुहेरी करून अंथरलंय. फुलं टपटप त्यात पडतात.

"पाहा बाई, झाडाची मासोडी!"