आळेफाट्याचे मध्यस्थ

जगात जेवढी म्हणून भांडणं होतात ती दोन टेबलांमधलं नातं नीट न लिहिल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे आमचे थोरले साडू. टेबल म्हणजे जेवणाचं नव्हे. संगणकात माहिती साठवायचे जे तक्ते असतात, ते. साडूंचं आळेफाट्याला ट्रकदुरुस्तीचं गॅरेज आहे. कोणत्या गाडीला कधी काय बसवलं हे लक्षात राहीना, म्हणून पन्नाशीच्या अलीकडे त्यांनी पुण्याहून जाडजूड पुस्तकं आणली आणि ती पुढे उघडी ठेवून स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. पान्ह्याकडून कीबोर्डकडे येताना त्यांनी हात मात्र बदलले नाहीत. लॅपटॉपमध्ये धूळ साचली की ते ट्रकच्या चाकात हवा भरायच्या कॉम्प्रेसरने ती उडवत. एकदा धुळीबरोबर एंटरचं बटणही उडालं आणि समोर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखाली गेलं. साडू ट्रॅक्टरखाली आडवे झाले, बटण घेऊन बाहेर आले आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "तुमचं ऑइल गळतंय." ट्रॅक्टरवाला हवा भरायला आला होता.

माणसाचं नाव या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. नावं सारखी असतात, आकडा सारखा नसतो, असं ते म्हणत. थोरल्या मुलीच्या लग्नात मांडवात कुणीतरी "दत्तूभाऊंना बोलवा" असा पुकारा केला आणि चार दत्तूभाऊ उठून आले. त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं नव्हतं. धाकटीच्या लग्नात साडूंनी ही चूक होऊ दिली नाही. आहेराच्या यादीपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत प्रत्येक पाहुण्याला त्यांनी नंबर दिला. त्यांच्या चुलत आत्याबाई चौदा नंबरच्या. त्या मांडवातच कडाडल्या, "मी काय तुरुंगातली कैदी हाय का रं? नाव इसरलास काय माझं?" साडू शांतपणे म्हणाले, "आत्या, नाव बदलंल, गाव बदलंल, पण चौदा कवाच बदलणार न्हाई. ह्यो मान हाय." आत्याबाई जेवल्या नाहीत. मात्र पुढे कितीतरी वर्षं त्या फोनवर स्वतःची ओळख "चौदा बोलतीय" अशी करून देत.

त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे मॅपिंग. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मनात खरी गाडी असते, खरा मालक असतो. तक्त्यात मात्र नुसत्या ओळी आणि रकाने असतात. या दोघांची गाठ घालून द्यायची तर मध्ये एक दुवा लिहून ठेवावा लागतो, त्याला मॅपिंग म्हणतात. हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही, साडूंकडून कळलं. ते म्हणत, "हे सोयरिकीवाणी हाय बघा, भाऊ. मुलीकडचं येगळं बोलत्यात, मुलाकडचं येगळं. दोघांस्नी समोरासमोर बसवलं का लग्न मोडलंच. मधी मध्यस्थ पायजे. मध्यस्थाला एकदा नीट सांगून ठेवायचं, कोन कुनाचा, किती जन येनार, एक गेला तर बाकीच्यांनी काय करायचं. मग आपन निवांत." हे ते कुणालाही सांगत. नाशिकचा एक ड्रायव्हर ब्रेक दुरुस्त व्हायची वाट पाहत तासभर हे ऐकत होता. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "राव, मध्यस्थ ऱ्हाऊ द्या, ब्रेक लागंल एवढं बघा."

माझी पत्नी घोडेगावला शाळेत विज्ञान शिकवायची. डोंगरातल्या आहुपे गावच्या देवराईतल्या मोठ्या झाडांची नोंद करायची असं तिच्या मनात फार दिवस होतं. झाड कोणतं, उंची किती, घेर किती आणि गावातली म्हातारी माणसं त्याच्याबद्दल काय सांगतात, असं सगळं. साडूंना ती दाजी म्हणायची. दाजींनी तिच्यासाठी गॅरेजचाच प्रोग्राम घेतला. मालकाच्या जागी नोंद करणारा आला, गाडीच्या जागी झाड आलं, कामाच्या जागी शेरा. ते स्वतःही एकदा आमच्याबरोबर आहुप्याला आले. तिथली रीत अशी की देवराईतलं वाळकं काटूकसुद्धा बाहेर न्यायचं नाही. घोडेगावला परत आल्यावर दाजींच्या पिशवीच्या चेनमध्ये बोटभर काडी अडकलेली निघाली. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने ते एकटे वर गेले, काडी जागेवर ठेवली आणि मुक्कामाच्या गाडीने तिसऱ्या दिवशी परत आले. "नेमकी जागा सापडली का?" हिने विचारलं. "झाड सापडलं," ते म्हणाले. "फांदी तेवढी अंदाजानं."

चार वर्षं ही तो प्रोग्राम भरत होती. रानात पेन्सिलीने चिठ्ठ्यांवर लिहायची, घरी आल्यावर टाइप करायची आणि चिठ्ठी फाडून टाकायची. कागद साठवणं तिला आवडत नसे. दिवाळीनंतर ती आजारी पडली. डोंगरात जाणं थांबलं, तरी उशीला टेकून ती आठवणीतल्या झाडांबद्दल शेरे लिहीतच राहिली. फाल्गुनात ती गेली.

त्यानंतरचे काही महिने मी एकच काम करत होतो. रेशनकार्डावरून नाव कमी करणे. मतदारयादीतून नाव कमी करणे. बँकेच्या खात्यातून, गॅसच्या पुस्तकातून नाव कमी करणे. प्रत्येक खिडकीवर हाच शब्दप्रयोग, आणि माझ्या हाताला त्याची सवय झाली होती. एका सकाळी मी तिचा प्रोग्राम उघडला. वर तिचं नाव होतं आणि नावासमोर दाजींनी ठेवलेलं एक बटण होतं, "नाव कमी करा." मी ते दाबलं. का दाबलं ते सांगता येत नाही. राहिलेलं एक काम उरकावं तसं दाबलं. तिचं नाव गेलं, आणि त्यामागोमाग खालची सगळी यादी गेली. हिरडे, जांभळं, अंजनी, पिसे, एकूण एक झाड. पडदा पांढरा झाला. तिच्या हातचं लिहिलेलं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मी दाजींना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "बंद करा. हात लावू नका. मी निघालो." आळेफाटा, नारायणगाव, मंचर असं करत ते दुपारपर्यंत घोडेगावला पोचले. चहा नको म्हणाले. त्यांनी चहा नाकारलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पाऊण तास ते पडद्याकडे बघत होते, मग चष्मा काढून माझ्याकडे वळले.

"भाऊ, चूक तुमची न्हाई. माझी हाय."

"बटण मी दाबलं."

"मध्यस्थाला मी काय सांगून ठेवलं व्हतं, ऐका. मालक गेला तर त्याच्या गाड्या बी काढ. गॅरेजात ते बरूबर हाय. गिऱ्हाईक तुटलं का त्याच्या गाड्यांचं आपल्याला काय करायचंय? पर ती ओळ मी तशीच उचलून हिकडं आनली. झाडं काय तिच्या मालकीची व्हती व्हय? ती गेली तर झाडांनी का जावं?"

हे बोलताना त्यांचा आवाज गॅरेजातल्यासारखा मोठा होता. आतल्या खोलीत कुणी निजलं असावं तसं मी त्यांना हळू बोला म्हणालो. मग आठवलं, आत कुणी नव्हतं.

ते पाच दिवस राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी ते बटणच काढून टाकलं. "देवराईच्या प्रोग्रामात काढायचं बटन ठेवलं, हीच अक्कल गहान पडली व्हती माझी," असं स्वतःला म्हणाले. दिवाळीला त्यांनी एक प्रत पेनड्राइव्हवर नेली होती. तिच्यातून झाडं आणि जुने शेरे परत आले. नंतरच्या शेऱ्यांची प्रत नव्हती. पण पुसलेला मजकूर फायलीतून लगेच जात नाही, जागा मोकळी झाली एवढीच खूण होते, असं ते म्हणाले, आणि त्या मोकळ्या जागेतून त्यांनी एकेक ओळ वेचली. तेवीस शेरे मिळाले. अडचण अशी झाली की कोणता शेरा कोणत्या झाडाचा हे सांगणारे आकडे मात्र गेले होते.

मग जगातल्या कोणत्याही पुस्तकात नसलेलं मॅपिंग आम्ही दोघांनी केलं. ते शेरा वाचत, मी झाड ओळखत असे. 'खाली बसलं की वाऱ्याचा आवाज वरच राहतो.' हा मोठा पिसा. 'याला सासूने नाव ठेवलं होतं म्हणाली, पण काय ते सांगेना.' हा ओढ्याकाठचा हिरडा. हे सांगणारी गावातली म्हातारी मला आठवत होती. काही शेरे घेऊन आम्ही आहुप्याला गेलो. झाडापुढे उभं राहून दाजी मोठ्याने वाचत, आणि पटलं नाही तर झाडालाच विचारत, "तुमचंच का हे?" गावातली एक बाई पाटी घेऊन थांबली आणि मला म्हणाली, "ह्ये पावनं शिकल्यालं हायेत का?" मी हो म्हणालो. "वाटलंच," म्हणाली आणि गेली.

बावीस शेऱ्यांना झाडं मिळाली. एक उरला. तो दाजींनी घरी, पडद्यावरून वाचला: 'दाजी रोज फोन करून प्रोग्राम नीट चालतो का विचारतात. तब्येतीचं एकदाही विचारत नाहीत. बरं वाटतं.'

वाचून झाल्यावर ते बराच वेळ माऊस नुसता पुसत बसले.

"मला तब्येतीचंच इचारायचं असायचं," शेवटी म्हणाले. "शब्द सापडंना, मंग प्रोग्रामचं इचारायचो."

"तिला कळत होतं," मी म्हणालो.

"ह्ये कुठल्याच झाडाचं न्हाई, भाऊ."

"मग राहू द्या तसंच."

"तसं कसं राहील? झाडाबिगर शेरा ठिवता येत न्हाई. मध्यस्थ ऐकायचा न्हाई."

मी चहा टाकायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ते पिशवी आवरून एस.टी.च्या वेळेची चौकशी करत होते. ते गेल्यावर मी प्रोग्राम उघडला. यादीत उंबराच्या खाली एक नवी नोंद होती. झाडाचं नाव: दाजी. ठिकाण: आळेफाटा. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात हिचं नाव, आणि खाली तो एकच शेरा. उंची त्यांनी बरोबर लिहिली आहे. घेरात मात्र चांगली वीतभर लबाडी केली आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही.